नंबर बघायला

समोरच्या इमारतीतली वैशाली गेले आठ दिवस गॅलरीत फेऱ्या मारत भूमितीची प्रमेयं पाठ करते आहे. ती डावीकडून उजवीकडे गेली की मी स्वयंपाकघरात ओट्यापासून दारापर्यंत जाते. ती वळली की मीही वळते. दहावी तिची, फेऱ्या दोघींच्या. काल तिची आई जिन्यात भेटली, तेव्हा मी बाकी काही न बोलता एकदम विचारलं, "केंद्र कुठे आलंय?"

"जुईनगरला."

"म्हणजे ठाणे जिल्हा. बरं झालं."

त्या बिचाऱ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. सोसायटीत माझी ख्याती तशी जुनीच आहे. पाण्याच्या टँकरचं बिलसुद्धा मी दोनदा तपासून सही करते. त्यात आता जिल्ह्याची भर पडली.

मार्च आला की मला घरात बसवत नाही. नेरूळला सकाळी खाडीकडून खारट, ओलसर वारा येतो, तो दहा वाजेपर्यंत टिकतो. मग डोंगरातल्या खाणींची धूळ उतरायला लागते आणि खिडकीच्या कठड्यावर बोट फिरवलं की पिठासारखी हाताला लागते. करंजाची जुनी पानं पडत असतात, त्याच फांद्यांवर नवी, तेल लावल्यासारखी पानं फुटत असतात. संध्याकाळी वारा फिरला तर ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या कारखान्यांचा आंबूस वास घरात शिरतो आणि कपडे वाळत घातलेले असतील तर त्यांनाही लागतो. मी महाप्याला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. मार्च म्हणजे आमच्याकडे वर्षअखेर. दिवसभर ताळेबंद जुळवायचा, आणि घरी येऊन संध्याकाळी फेऱ्या मारायच्या. ताळेबंदाची धडधड एप्रिलमध्ये थांबते. दुसरी थांबत नाही, ती संतोषची आहे.

संतोष माझ्याकडे आला तो बऱ्याच वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात. अठरा पूर्ण झालेला, उंच, खांद्यात वाकलेला. वडील वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी, गाव साताऱ्याकडचं. लसणाचे भाव चढले होते तेव्हा दोन मित्रांबरोबर त्याने तुर्भ्याच्या एका गोदामातून लसणाची पोती काढली होती. मित्रांनी कुलूप तोडलं, याने हातगाडी ओढली. पहिलाच गुन्हा, वय कोवळं, म्हणून ठाण्याच्या कोर्टाने तुरुंगात न पाठवता हमीपत्र लिहून घेऊन त्याला प्रोबेशनवर सोडलं. अटी अशा: कामधंदा करायचा, जुन्या मित्रांत मिसळायचं नाही, अधिकाऱ्यापुढे हजेरी द्यायची आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय ठाणे जिल्हा सोडायचा नाही. या अटी मी इतक्या वेळा वाचल्या आहेत की त्या झोपेतही सांगेन. वाचून काय उपयोग झाला ते पुढे येईल.

त्याचे प्रोबेशन अधिकारी जाधव साहेब. ते आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचे. हडकुळे, नेहमी घाईत, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांची कामाची एक पद्धत होती. ते म्हणायचे, "पोरगं एका माणसाच्या धाकात सुधारत नाही. तीन घरांच्या ओळखीत सुधारतं." एक त्याचं स्वतःचं घर, एक कामाचं, एक अभ्यासाचं. कामाचं घर बाळूशेठचं. त्यांचा मार्केटमध्ये कांद्याचा छोटा गाळा आणि एक टेंपो होता, संतोष सकाळी तिथे राबायचा. अभ्यासाचं घर म्हणून साहेबांनी माझं दार वाजवलं, कारण मी सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवायचे. मी हो म्हणायला दोन दिवस घेतले. घरात मुलगी होती, नवरा फिरतीवर असायचा. चोरी केलेला मुलगा घरात घ्यायचा म्हणजे विचार करावाच लागतो, आणि तो मी साहेबांच्या तोंडावर बोलूनही दाखवला. ते म्हणाले, "हे त्याच्यासमोर बोलाल?" मी म्हटलं, "बोलेन." आणि बोलले. संतोषने मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाला, "बरोबर हाय तुमचं."

पुढे कळलं की हाच साहेबांचा एकमेव कडक नियम. दर शनिवारी संध्याकाळी तिघांपैकी एकाच्या घरी बसायचं, चहा घ्यायचा, आठवड्याचं बोलायचं. संतोषबद्दल जे बोलायचं ते संतोषसमोरच, आणि आधी त्याने बोलायचं. त्याच्या पाठीमागे एक शब्द नाही. ऐकायला सोपं वाटतं, पण करून बघावं. माणसाबद्दल त्याच्या समोर बोलायचं म्हटलं की निम्मी वाक्यं आपोआप गळून पडतात. बाळूशेठची तर फार पंचाईत व्हायची. "आता हा बसलाय समोर म्हणून, नायतर सांगितलं असतं!" असं म्हणून ते बशीत चहा ओतायचे.

त्या शनिवारांचे वास मला अजून येतात. बाळूशेठच्या घरात कांद्याची सालं पायांना चिकटायची. संतोषच्या घरी त्याची आई पत्र्याखाली स्टो पेटवायची, आणि रॉकेलच्या वासात आल्याचा चहा उकळायचा. आमच्याकडे फिनेलने पुसलेली फरशी. चप्पल बाहेर काढल्यावर संतोष त्या फरशीवर टाचा उचलून चालायचा.

शिकायचं त्याच्याच मनात होतं. आठवीतून शाळा सुटलेली. बाहेरून थेट दहावीला बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, आणि तो कुठल्यातरी शाळेमार्फत भरावा लागतो. जवळच्या शाळांतून मी फिरले. कुणी जागा नाहीत म्हणालं, कुणी "मुलगा करतो काय?" असं विचारून माझ्याकडे रोखून बघितलं. शेवटी ओळखीतल्या एका मुख्याध्यापिकेने कसलीही चौकशी न करता फॉर्म घेतला. त्यांची शाळा कळंबोलीला. सह्या माझ्या घरी झाल्या, फॉर्म मी स्वतः छत्री सांभाळत देऊन आले. शनिवारी सगळ्यांना सांगितलं. साहेब म्हणाले, "छान झालं." बाळूशेठ म्हणाले, "कळंबोली काय, आपलीच. माझा टेंपो रोज जातो." संतोषची आई देवापुढे साखर ठेवून आली.

आपलीच. हा शब्द नीट लक्षात ठेवावा. आमचं हे शहर कागदावर आखून वसवलेलं. वाशीपासून कळंबोलीपर्यंत त्याच पाट्या, त्याच पिवळट इमारती, सेक्टरचे तेच आकडे. आम्ही सगळे बाहेरून आलेले, कुणाला इथला बांध माहीत नाही, कुणाला शीव माहीत नाही. गावाकडे मला आमच्या शिवेवरचा दगड डोळे मिटून दाखवता आला असता. इथे जिल्हा कुठे संपतो हे कुणी कधी विचारलंच नाही.

मग अभ्यासाचे महिने गेले. त्याला बीजगणित पटकन जमायचं, इतिहासात सनावळ्या उलटसुलट व्हायच्या, आणि मराठीचा निबंध म्हटला की तो कपाळ पुसायचा. पुरवणी बांधायची सवय मात्र एका दिवसात झाली. पोती शिवलेले हात ते. दोरा ओवून अशी गाठ मारायचा की मला ती कात्रीशिवाय सुटायची नाही. जानेवारीत एक प्रकार झाला. चाळीतल्या लग्नात जुने दोन मित्र आले, याच्या खांद्यावर हात टाकून नाचले, आणि कुणीतरी ते चौकीत कळवलं. कोर्टात न्यायाधीशांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, आणखी एक तक्रार आली तर हमीपत्र रद्द. रद्द म्हणजे तुरुंग. तेव्हापासून संतोष रस्त्याच्या कडेकडेने चालायला लागला.

परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन नंबर बघायचा, ही आपल्याकडची रीतच आहे. कुठल्या खोलीत बसायचं ते आधी बघून ठेवायचं, म्हणजे सकाळी धावपळ नको. तो रविवार होता. संतोष धुतलेला शर्ट घालून आला, मी पर्स घेतली, आणि आम्ही फाटकाशी पोचलो तेवढ्यात जाधव साहेब बाजारातून येत होते. हातात बोंबलांची पिशवी.

"कुठे निघाली स्वारी?"

"कळंबोलीला. नंबर बघायला."

"जा, जा," म्हणत ते दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. पिशवीतून पाणी त्यांच्या चपलेवर ठिबकत होतं, त्यांचं लक्ष नव्हतं.

"ताई, कळंबोली रायगडात आहे."

 संतोषचे आईवडील धरून आम्ही पाच मोठी माणसं, दर शनिवारी चहा पिऊन पोराच्या आयुष्याचा विचार करणारी, आणि एकालाही हे सुचलं नव्हतं. मी तर पैचा फरक लागला तर जेवण सोडणारी बाई. मी म्हटलं, "मग आता?"

"परवानगी कोर्टाची. मी देऊ शकत नाही. आज रविवार, उद्या अकराला कोर्ट उघडणार."

मराठीचा पेपरही अकराचाच होता.

संतोष फाटकाच्या गजाला धरून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "म्हंजे आज पन नाय जायाचं."

साहेबांनी ठरवलं ते असं. सोमवारी कोर्ट उघडताच अर्ज घेऊन हजर राहायचं, सही झाली की फोन करायचा. केंद्रावर उशिरा येणाऱ्याला साडेअकरापर्यंत आत घेतात. तेव्हा संतोषने हद्दीच्या अलीकडे, बेलापूरला, तयार थांबायचं. मी त्याच दुपारी बसने बेलापूरला गेले आणि हायवेलगतचा सगळ्यात शेवटचा फोन बूथ शोधून काढला. बूथवाली तिथल्याच गावची, सुताराच्या करवतीसारखा आवाज, नाकात ठसठशीत नथ. तिला सगळं सांगितलं, नंबर लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला. ती हसली. "गो बाय, माजा नंबर मला म्हाईत हाय."

सोमवारी सकाळी आम्ही बाळूशेठच्या टेंपोत पुढे दाटीवाटीने बसलो होतो. मागे रिकामी बारदानं. संतोषच्या मांडीवर पॅड, पॅडला हॉल तिकीट. हायवेवरून ट्रक गेला की टेंपो आणि आम्ही तिघे हलायचो. उन्हात डांबराचा वास चढत होता. अकरा वाजले तेव्हा मी घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं, आणि मग दर मिनिटाला पर्स उघडून बघत राहिले.

"काकी, मी सांगू?" बाळूशेठ स्टिअरिंगवर बोटं वाजवत म्हणाले. "टाकला गिअर की शाळा. कोण बघतंय? जिल्हा काय रस्त्यात आडवा झोपलाय?"

"बघणारे बघतात. जानेवारीत बघितलंच की."

"अहो, ते लग्न होतं. हा पेपर हाय. पेपर लिवला म्हणून कोणी जेलात घालतं का? साहेब येतीलच कागद घेऊन. कागद मागून येवो, पोरगं पुढे जाऊ दे. वर्ष जाईल त्याचं!"

 खरं सांगायचं तर बाळूशेठचं म्हणणं माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं. बूथवर फोन वाजला. मी धावत उतरले. बूथवालीने उचलला आणि ओरडली, "ठेव रं मेल्या! लाइन मोकली ठेवाची हाय, पोराचा पेपर हाय!" भाच्याचा फोन होता. मला म्हणाली, "बस गो. वाजाचा तवा वाजंल. पानी पितीस?"

मी परत आले तेव्हा संतोष टेंपोच्या पायरीवर उभा होता. हातात पुरवणीचा दोरा, गाठ मारत होता, सोडत होता.

"काकी, तुमी काय बोलता? जाऊ?"

"आधी तू बोलायचं. शनिवारसारखं."

"मला जायचंय," तो म्हणाला. "लय जायचंय. रात्रभर तेच डोक्यात. पन साहेब तिकडं कोर्टात उभे हायत. ते सांगनार, पोरगा हद्दीत हाय, परवानगी द्या. आनि मी हितनं गेलेलो असलो तर? मग ते खोटं बोलले ना. ठरवून नाय, पन बोललेच ना."

बाळूशेठने इंजिन बंद केलं. मला आठवतं, इंजिन बंद झाल्यावर टेंपो किती वेळ धडधडत होता.

साडेअकरा वाजून गेले. त्यानंतरची दहा-पंधरा मिनिटं मी कशी काढली ते सांगता येणार नाही, कारण त्यांत काही झालंच नाही. एक ट्रक थांबला, क्लीनरने काचेवर पाणी मारलं, ट्रक गेला. कळंबोलीच्या बाजूला. मग फोन वाजला.

"मिळाली," साहेब धापा टाकत होते. "सगळ्या पेपरांना मिळाली. आज दुसरी प्रकरणं आधी होती, मी काय करू? न्यायाधीशांनी विचारलं, मुलगा आता कुठे आहे. म्हटलं, हद्दीच्या अलीकडे उभा आहे, टेंपोत. त्यांनी तिथल्या तिथे सही केली."

मी रिसीव्हर संतोषच्या हातात दिला. त्याच्याबद्दलचं त्याच्याच कानाने ऐकायचं, हा नियम. तो "हां साहेब, हां साहेब" करत राहिला, आणि शेवटी म्हणाला, "तुमी काय खाल्लं का सकाळपासून?"

या गोष्टीचा हिशेब मी आजवर लावते आहे आणि तो जुळत नाही. त्याचं मराठी राहिलं ते राहिलंच. बाकी विषय मार्चमध्ये सुटले, मराठीसाठी ऑक्टोबरची वाट बघावी लागली, आणि तोवर आयटीआयचे प्रवेश संपले होते. त्याच वर्षी आत शिरला असता तर आज एखाद्या कारखान्यात फिटर असता. त्याऐवजी बाळूशेठचा टेंपो चालवतो, तोही बरा चालवतो, संसार आहे. हमीपत्राची मुदत एकही डाग न लागता संपली. बाळूशेठ मला अजून ऐकवतात, "काकी, तुमचं गणित बरोबर, पोराचं वर्ष मायनस." मी म्हणते, आणि पकडला गेला असता तर? ते म्हणतात, आणि नसता तर?  संतोषला विचारलं तर तो हसतो आणि गाडीची काच पुसायला लागतो. वर्ष मायनस पडलं त्याचं, आणि त्याचा हिशेब करत बसलोय आम्ही दोघं.

एवढं मात्र झालं. फोन ठेवून तो टेंपोपाशी आला तेव्हा मला वाटलं, आता हा हमसून रडणार. मी पर्समधून रुमालही काढला होता. तो म्हणाला, "काकी, आता जाऊ शकतो ना आपन?"

"जाऊ शकतो. पण आज आत घेणार नाहीत रे."

"म्हाईत हाय. नंबर बघून येऊ की. काल राहिला."

बाळूशेठने गिअर टाकला. बेलापूर मागे पडलं, उजवीकडे मिठागरांच्या पांढऱ्या चौकटी, डावीकडे खारघरचा डोंगर उन्हात पिवळा. संतोष खिडकीतून मान बाहेर काढून रस्त्याकडे टक लावून होता.

"कुठं लागतो काका जिल्हा?"

"हा काय, लागला. दुखलं का?"

आम्ही तिघेही हसलो. इतकं हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

कळंबोलीत ट्रकांच्या रांगा, सळया उतरवल्याचा खणखणाट, रस्त्यावर गंजाची तांबडी धूळ. शाळेच्या गल्लीत मात्र शांत होतं. फाटकाला फळा टांगलेला, त्यावर खडूने नंबर आणि खोल्या लिहिलेल्या. आतून मध्येच बाक सरकल्याचा आवाज येत होता. संतोष हॉल तिकीट फळ्याजवळ धरून बोटाने एकेक ओळ उतरत गेला, आणि एका ओळीवर बोट थांबलं. वरचा मजला, शेवटून दुसरी खोली. त्याने वर बघितलं. खिडकीत पाठमोऱ्या मुलांची डोकी दिसत होती, खाली वाकलेली, आणि मध्ये एका डोक्याएवढी जागा मोकळी.

शिपाई फाटकाशी आला. "ए, किती वाजले? आता नाय सोडणार आत."

"सोडू नका," संतोष म्हणाला. "आजचा नाय, पुढच्या पेपरचा नंबर बघायला आलोय."